दोन रोडॉप्सिने आणि त्यांचे जोडीदार: एक सोडून देते, दुसरे धरून ठेवते

दृष्टिपटलातील रोडॉप्सिन (प्रकाश टिपणारे प्रथिन) आणि आर्किया या जिवाणूंसारख्या एकपेशी जीवांमधील संवेदी रोडॉप्सिन यांच्या आकृत्या शेजारी शेजारी छापून दोन्हींखाली ‘प्रकाश पडताच जोडीदार प्रथिनाला संदेश मिळतो’ असे एकच वाक्य लिहिण्याची पद्धत आता बंद व्हायला हवी. दोन्हींत पेशीपटल सात वेळा ओलांडणारे प्रथिन आहे, दोन्हींत रेटिनल हा प्रकाश शोषणारा रेणू आहे, दोन्ही सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषतात. त्यातच डोळ्यातल्याचे जोडीदार प्रथिन ट्रान्सड्युसिन आणि आर्कियातल्याचे ट्रान्सड्यूसर. इतके साम्य पाहून विद्यार्थी दोन्हींची यंत्रणाही एकच समजतात, आणि परीक्षेत तसेच लिहितात.

डोळ्यातील साखळी बहुतेकांना पाठ असते. दंडाकार पेशीत प्रकाशामुळे रेटिनल ११-सिस या वाकलेल्या रूपातून ऑल-ट्रान्स या सरळ रूपात जाते, रोडॉप्सिन सक्रिय होते, ते ट्रान्सड्युसिनला जागे करते, ट्रान्सड्युसिन फॉस्फोडायएस्टरेज या विकराला. सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू घटतो आणि आयनमार्ग मिटतात. आर्कियात रेटिनल उलट, ऑल-ट्रान्सवरून १३-सिस होते. हा फरक लक्षात ठेवावा, पण त्यावर पानभर लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरी बाजू कमी परिचयाची आहे. नॅट्रोनोमोनास फॅरॉनिस हा सोडायुक्त सरोवरांतला आर्किया. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ज्यांच्याकडे बोट दाखवले, त्याच क्षारप्रिय हॅलोआर्कियांपैकी एक. त्याचे संवेदी रोडॉप्सिन-२ पेशीला निळ्या-हिरव्या प्रकाशापासून दूर नेते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत दोन रोडॉप्सिने आणि दोन ट्रान्सड्यूसर पटलात एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात. प्रकाश पडण्याची वाट न पाहता, अंधारातही ते असेच असतात. प्रकाश पडला की रोडॉप्सिनचे सहावे सर्पिल (पटल ओलांडणाऱ्या सात वळ्यांपैकी एक) किंचित बाहेर झुकते, त्याला खेटून असलेले ट्रान्सड्यूसरचे सर्पिल थोडेसे फिरते, आणि ही हालचाल लांब दांड्यावरून पेशीच्या आत कायनेज या फॉस्फेट चढवणाऱ्या विकरापर्यंत जाऊन शेवटी कशाभिकेच्या (पोहण्याच्या शेपटीच्या) फिरण्यावर परिणाम करते.

खरा गोंधळ होतो तो इथे. सहावे सर्पिल डोळ्यातील रोडॉप्सिनमध्येही बाहेर सरकते, परंतु तिथे त्या हालचालीने आतल्या बाजूला एक खाच उघडते आणि त्या खाचेत ट्रान्सड्युसिनच्या अल्फा उपघटकाचे टोक शिरते. त्यामुळे ट्रान्सड्युसिनमधील जीडीपी हा छोटा रेणू सुटतो, रिकाम्या जागी त्याचाच भाऊबंद जीटीपी येतो आणि जीटीपी येताच जोडी तुटते. ही ताटातूट हाच संदेश आहे. १९८० मध्ये हर्मान क्यून यांनी गाईच्या दृष्टिपटलातील पटलांवर दाखवून दिले, की उजेडात ट्रान्सड्युसिन पटलाला घट्ट चिकटते, क्षार कमी असलेल्या द्रावणाने धुतले तरी निघत नाही, आणि जीटीपी घालताच सुटून द्रावणात येते; पुढे हे प्रथिन शुद्ध करण्याची नेहमीची रीतही यातूनच आली. जीटीपी नसताना जोडी सर्वांत घट्ट असते आणि संदेश मात्र पुढे जात नाही. म्हणून ‘बंधन जितके घट्ट तितका संदेश जोरदार’ हे विधान डोळ्याच्या बाबतीत सपशेल चुकीचे आहे, आणि ते अजूनही टिपणांतून फिरताना दिसते याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक ट्रान्सड्युसिन निघून गेले की तेच रोडॉप्सिन दुसऱ्याला, मग तिसऱ्याला जागे करते. संदेशाची वाढ जोडीच्या पातळीवरच सुरू होते. दंडाकार पेशी एकेका फोटॉनला प्रतिसाद देते, त्याची पहिली पायरी ही. आर्कियात रोडॉप्सिन आपल्याच ट्रान्सड्यूसरला धरून असते, त्यामुळे संदेश मोठा व्हायचाच तर तो पुढे, कायनेजच्या टप्प्यावर.

संदेश थांबवण्याची तऱ्हाही यामुळेच वेगळी आहे. आर्कियात रेटिनल जागचे न हलता सेकंदाच्या आसपास आपोआप मूळ रूपात येते आणि काम संपते. डोळ्यातील रोडॉप्सिन मात्र एकामागून एक ट्रान्सड्युसिन जागे करतच राहील, म्हणून त्याला आवर घालावा लागतो: डोळ्यातले वेगळे कायनेज त्याच्यावर फॉस्फेट चढवते आणि मग अरेस्टिन हे प्रथिन ती खाच अडवते. या दोन प्रथिनांपैकी एकात दोष असला तर ओगुची आजार होतो, ज्याचे वर्णन जपानमध्ये १९०७ मध्ये झाले: रुग्णाला रात्री दिसत नाही आणि बराच काळ अंधारात राहिल्यावरच दृष्टी परत येते. आर्कियाच्या आकृतीत अरेस्टिनची जागा रिकामी ठेवून त्याखाली प्रश्नचिन्ह काढणाऱ्यांनी ते खोडून टाकावे, कारण तिथे ट्रान्सड्यूसर खाचेत शिरतच नाही, मग अडवायचे काय.

आर्कियातील जोडीदार नुसता निरोप्या नव्हे, याचा पुरावाही आहे. ट्रान्सड्यूसर काढून घेतला तर संवेदी रोडॉप्सिन प्रकाशात प्रोटॉन पटलापार ढकलू लागते, आणि ट्रान्सड्यूसर परत जोडला की ते पंपाचे काम बंद पडते. ट्रान्सड्युसिनशिवायचे डोळ्यातील रोडॉप्सिन असे काहीही करत नाही.