इंडियन स्टोअर, एशियन स्टोअर आणि मोदकाची पिठी

श्रावण निम्मा सरला की इथे अमेरिकेत आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न सुरू होतो, मोदकाची पिठी कुठून घेता, इंडियन स्टोअरमधून की एशियन स्टोअरमधून? मग एक जण म्हणते एशियनची फारच छान, पांढरेशुभ्र मऊसूत मोदक होतात, लगेच दुसरी म्हणते अजिबात घेऊ नका, माझे सगळे मोदक बसले, आणि तिसरी म्हणते अगं पिठी ती पिठी, सगळीकडे सारखीच. पहिल्या दोघी अगदी खरं बोलत असतात, फक्त दोघींनी दोन वेगळ्या वस्तू आणलेल्या असतात आणि दोघीही त्याला "एशियन स्टोअरची तांदळाची पिठी" म्हणतात. चुकते ती तिसरी. दरवर्षी हे तुकड्यातुकड्यात टाईप करून कंटाळले, म्हणून एकदा नीट लिहिते.

इंडियन स्टोअरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. पटेल ब्रदर्स 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झालं आणि आता जिथे आपली चार घरं तिथे एखादं तरी देसी दुकान असतंच. डाळी, पोहे, गूळ, हिंग, कढीपत्ता, बर्फातलं खवलेलं खोबरं, सगळं डोळे मिटून मिळतं. जुने लोक अजूनही सरसकट "पटेलकडे जाऊन येतो" म्हणतात, दुकान कुणाचंही असो.

एशियन स्टोअर म्हणजे काय हे मात्र तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. अमेरिकेत एशियन म्हटलं की चिनी, कोरियन, व्हिएतनामी, थाई, जपानी. एच मार्ट कोरियन, 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या वुडसाइडला सुरू झालेलं, आणि नाइन्टी नाइन रँच कॅलिफोर्नियातलं, 1984 चं, एका तैवानी माणसाने काढलेलं. इंग्लंडमध्ये एशियन म्हणजे आपणच, भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी, आणि ही दुसरी दुकानं तिकडे चायनीज किंवा ओरिएंटल म्हणून ओळखली जातात. जर्मनीत आशिया लाडेनमध्ये बऱ्याच ठिकाणी सगळेच एका छपराखाली, तुरीच्या डाळीच्या शेजारी फिश सॉस. त्यामुळे लंडनची बहीण "एशियन शॉपमधून आणली" म्हणाली तर ती आपल्याच दुकानाबद्दल बोलतेय, तो सल्ला इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला उचलून आणू नका.

बाकी फरक पटकन सांगते. भाजी आणि मासे एशियनमध्ये बहुतेक वेळा ताजे, कारण तिकडे उलाढाल मोठी असते. दोडका तिथे चायनीज ओकरा नावाने मिळतो, दुध्या ओपो नावाने, शेवग्याचा पाला फिलिपिनो फ्रीझरमध्ये मलुंगाय म्हणून असतो, केळीची पानंही तिथल्याच फ्रीझरमध्ये मोठी आणि स्वस्त. पापलेट घेताना सिल्व्हर किंवा व्हाइट पॉम्फ्रेट लिहिलंय का बघा, गोल्डन पॉम्पानो हा दिसायला जवळपासचा पण निराळा मासा आहे. बांगडा म्हणून जो मॅकरेल ठेवलेला असतो तो बरेचदा नॉर्वेचा, खूप तेलकट, तिरफळाच्या आमटीत मला नाही आवडत. आणि खिचडीसाठी तिथले टॅपिओका पर्ल्स कृपा करून आणू नका. आपला साबुदाणा बनवताना गरम तव्यांवर भाजलेला असतो म्हणून भिजवल्यावर दाणा धरून राहतो, तिकडचे बारीक मोती पाण्यात टाकले की पुष्कळदा लगदा होतो. साबुदाणा इंडियन स्टोअरचाच.

आता पिठी.

एशियन स्टोअरच्या पिठांच्या रांगेत तांदळाची दोन पिठं असतात. एक राइस फ्लोर, दुसरं ग्लुटिनस राइस फ्लोर. पाकिटं तेवढीच, एकाच कंपनीची, एकाच फळीवर, किंमतही जवळजवळ सारखी. घाईत "राइस फ्लोर" एवढंच डोळ्यांना दिसतं आणि त्याच्या आधीचा शब्द नजरेतून सुटतो. पण सगळ्याच जणी नजरचुकीने फसत नाहीत, निम्म्या तरी मुद्दाम ते दुसरं उचलतात आणि त्याला कारण आपली आजी आहे. आजीने सांगितलेलं असतं ना, मोदकाला तांदूळ जरा चिकट हवा, आंबेमोहोर घे, नाहीतर इंद्रायणी घे, जुना मोकळा तांदूळ नको. ते शंभर टक्के बरोबर आहे. मग दुकानात पाकिटावर "स्टिकी राइस" वाचलं की वाटतं हेच, आजी म्हणाली तेच!

पण आजीचा चिकट आणि थाई माणसाचा चिकट यात फार अंतर आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन गोष्टी असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजची साखळी सरळ असते, पीठ शिजून निवलं की ती घट्ट बसते आणि पदार्थाला आकार धरून ठेवायला लावते. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, ते चिकटपणा आणि ताण देतं पण आकार धरत नाही. बासमतीत अमायलोज भरपूर म्हणून भात मोकळा, इंद्रायणी-आंबेमोहोरात त्याहून कमी म्हणून भात मऊ आणि चिकटसर, पण असतं, पुरेसं असतं. ग्लुटिनस तांदळात ते जवळपास नसतंच. म्हणजे आपला चिकट तांदूळ हा साध्या तांदळातलाच जरा मऊ तांदूळ, आणि ग्लुटिनस ही वेगळीच जात, आसाममध्ये जो बोरा चाउल खातात त्या कुळातली. आपल्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकात ती मुळात नाहीच, म्हणून आपल्याकडे तिला नावही नाही, आणि नाव नाही म्हणून आपण "चिकट" हाच शब्द दोन्हीला लावून बसतो. सगळा घोळ इथे आहे.

(ग्लुटिनस म्हणजे ग्लुटेन असलेलं, असंही दरवर्षी कुणीतरी लिहितं. ग्लुटेन दोन्हीत नसतं. लॅटिनमध्ये ग्लुटेन म्हणजे डिंक, त्यावरून डिंकासारखं चिकट ते ग्लुटिनस, एवढाच संबंध.)

मी इथे आले त्या पहिल्या गणपतीला हेच केलं होतं, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय. उकड काढली तेव्हा काही शंका आली नाही. उलट गुळगुळीत, कुठे भेग नाही, पारी खेचली तरी फाटेना, हाताला जरा जास्त चिकटत होती पण म्हटलं तूप लावू. कळ्याही पडल्या, एकवीस मोदक चाळणीत लावले, झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी उघडून बघते तर कळ्या गेलेल्या, नाकं खाली बसलेली, सगळे एकमेकांत पसरून एकच अर्धपारदर्शक चकचकीत थापी झालेली आणि सारण मधून मधून वर आलेलं. कापड सुटेना. आरतीला माणसं यायला अर्धा तास होता. त्या दिवशी नैवेद्याला शेवटी केळी आणि गूळखोबरं ठेवलं, आणि ते मला अजून लागून राहिलंय. ही पिठी उकडीत आपला खरा स्वभाव दाखवतच नाही, वाफ लागल्यावरच दाखवते, आणि तोवर हातात काही उरलेलं नसतं.

ग्लुटिनस पिठी वाईट नाही हं. जपान्यांची मोची, चिन्यांचे तिळाचं सारण भरलेले थांग युआन, हे सगळं तिच्यामुळेच ताणलं जातं आणि ते तसंच हवं असतं. थांग युआन उकळत्या पाण्यात सोडलेले गोल गोळे, त्यांना ना कळी ना नाक, बसले तरी चालतात. आपल्या मोदकाला उभं राहायचं असतं.

आता पाकीट ओळखायचं कसं. सगळ्यात सहज मिळणारं थाई एरावन, पाकिटावर तीन तोंडांचा हत्ती. एरावन म्हणजे आपला ऐरावतच, त्यामुळे मला गणपतीला तेच आणायला बरं वाटतं. त्यांचा लाल छापाचा राइस फ्लोर, हिरवा ग्लुटिनस, निळा टॅपिओका स्टार्च. लाल घ्या. पण हा रंग सगळ्या कंपन्यांना लागू नाही, दुसऱ्या ब्रँडचं असेल तर रंगावर जाऊ नका, शब्द वाचा. व्हिएतनामी पाकिटावर बोत गाओ म्हणजे साधी, बोत नेप म्हणजे ग्लुटिनस. जपानी जोशिंको साधी, मोचिको आणि शिरातामाको ग्लुटिनस. कोरियन मेपसाल साधी, छापसाल ग्लुटिनस. चिनी पाकिटावर नुओ मी फेन दिसलं की ठेवून द्या. झान मी फेन ही साधी पिठी, पण तिच्या पहिल्या अक्षराचा एक अर्थ चिकट असाच होतो, म्हणून फोनवर फोटो काढून भाषांतर बघणाऱ्यांची तिथे बरोबर उलटी फसगत होते. आणि कोरियन फ्रीझरमधली ओलसर पिठी घेऊ नका, तिच्यात पाणी आधीच असतं आणि बहुतेकदा मीठही, आपलं वाटीला वाटी प्रमाण तिला चालत नाही.

मग इंडियन स्टोअरचं तांदळाचं पीठ का नको? भाकरी, घावन, चकली, थालीपीठ यांना तेच हवं, त्यात वाद नाही. मोदकाला ते अडतं कारण ते बहुतेक कोरडं दळलेलं असतं. कोरडा दाणा गिरणीत तापतो, स्टार्चचे कण तुटतात, पीठ रवाळ राहतं आणि पाणी कमीजास्त पितं, म्हणून पारी वळताना काठाला भेगा पडतात. आई मोदकाची पिठी कशी करायची आठवा, तांदूळ धुवायचे, निथळायचे, सावलीत पंचावर पसरायचे, आणि मग दळून आणायचे. भिजून मऊ झालेला दाणा सहज फुटतो, पिठी बारीक आणि मऊ येते. थाई पिठी याच्याही पुढे जाते, तांदूळ भिजवून पाण्यासकटच वाटतात, मग पाणी काढून सुकवतात. म्हणजे लाल पाकीट आपल्या घरच्या पद्धतीच्या जास्त जवळचं आहे, इंडियन स्टोअरमधल्या भाकरीच्या पिठापेक्षा कितीतरी जवळचं. वास मात्र नाही. आंबेमोहोराचा वास त्यात कुठून येणार, ते मी मान्य करते. गणपतीच्या सुमाराला इंडियन स्टोअरमध्ये खास मोदकाची सुवासिक पिठी येते, ती ताजी असेल तर मी तीच घेते, पण पॅकिंगची तारीख बघून. जुन्या पिठीला कडवट वास सुटतो आणि तो वेलदोड्याने झाकला जात नाही.

माझं प्रमाण असं, एक वाटी लाल पाकिटाची पिठी, एक वाटी पाणी, दोन चमचे दूध, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून उकळी, पिठी एकदम घालायची, ढवळून गॅस बंद, झाकून दहा मिनिटं विसरायचं. मग हात पाण्यात बुडवत गरम असतानाच मळायचं, हे टाळलं तर कुठलीही पिठी दगा देईल. काही जणी लाल पिठीत वाटीमागे एक चमचा हिरवी मिसळतात, पारी लवचिक होते म्हणून. एक चमच्याने बिघडत नाही, मी स्वतः घालत नाही.

आणि पाकीट फेकून डब्यात भरलेली पिठी कुठली ते आठवत नसेल, तर आदल्या दिवशी एवढं करा. एक चमचा पिठी पाच चमचे पाण्यात कालवून छोट्या पातेल्यात शिजवा आणि वाटीत ओतून पूर्ण निवू द्या. साधी असेल तर पांढरी अपारदर्शक वडी धरेल, बोटाने दाबली की तुटेल. ग्लुटिनस असेल तर निवल्यावरही पातळ डिंकासारखी राहील, चमचा उचलला की तार येईल. तार आली तर डब्यावर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा आणि लाल पाकीट आणायला त्याच संध्याकाळी जा, गणपतीच्या आदल्या रात्री ती फळी रिकामी असते.