क्लिनिकल कौशल्य चाचणी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अर्ज कसा भरायचा

अर्जांच्या छाननीला बसले की मी आधी लॉगबुक, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामांच्या नोंदींची वही, उघडते, अर्ज नंतर. एकदा एका विद्यार्थिनीच्या वहीत महिनाभराच्या ड्रेसिंग, कॅथेटर, इंजेक्शनच्या नोंदी होत्या. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तारखेच्या. कामं तिनं केलीही असतील. पण ती करताना कोणी पाहिलं होतं का, हे वहीवरून कळत नव्हतं. अर्ज परत गेला, आणि पोरीची चूक अर्धीच होती.

ही चाचणी बहुतेक ठिकाणी ‘ऑस्की’ (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) पद्धतीनं होते. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1975 मध्ये मांडली, तीही डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांसाठी. नर्सिंगनं ती नंतर घेतली. एकामागून एक स्टेशनं, म्हणजे एकेका कामाच्या जागा, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, आणि सगळ्यांना तेच काम, तीच चेकलिस्ट. म्हणजे तुमच्या वाट्याला सोपा पेशंट आला आणि मैत्रिणीला अवघड, ही जुन्या प्रॅक्टिकलची तक्रार उरत नाही. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. ऑस्की तिसरी पायरी तपासते. चौथीसाठी वॉर्डातच बघावं लागतं, म्हणून लॉगबुकला इतकं महत्त्व.

विद्यार्थ्यांची पात्रता तीन गोष्टींवर ठरते. त्या विषयाची थिअरी झालेली हवी, स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सराव केल्याची सही हवी, आणि त्या विभागातले ठरलेले क्लिनिकल तास पूर्ण हवेत. गफलत होते ती तासांत. मेडिकल वॉर्डात जास्तीचे दिवस काढले म्हणून बालरोग विभागातली तूट भरून निघत नाही. विभागवार हिशोब लावा.

अर्जासोबत फोटो आणि ओळखपत्र, विभागवार हजेरीचा दाखला, लॉगबुक, तपासून सही झालेले केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचे आराखडे), हिपॅटायटीस-बी लसीकरणाची नोंद आणि सीपीआर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, ते बघून घ्या. लॉगबुकात प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहिलं’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली केलं’, ‘स्वतंत्रपणे केलं’ यांतलं एकच लिहा, आणि सही त्याच दिवशी घ्या. रुग्णाचं नाव मात्र कुठेही नको. केस पेपरची झेरॉक्स जोडली की वही जाडजूड दिसते हे खरं, पण तो गोपनीयतेचा भंग आहे.

आता शिक्षकांचं. इथे अर्ज कमी येतात आणि कुरकुर जास्त. ‘पंधरा वर्षं शिकवतेय, आता माझी परीक्षा?’ पण वहीत सही करणाऱ्याचा हातच सवयीनं चुकत असेल, तर ती सही कशाच्या भरवशावर धरायची? जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये नर्सिंग शिक्षकांसाठी आठ क्षमता-क्षेत्रं ठरवली. त्यांत शिकवण्याच्या तंत्राबरोबर प्रत्यक्ष नर्सिंगही आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यांचा धागा धरला तर आयसीयूत मुरलेली सिस्टर प्रसूतिकक्षात गेली की पुन्हा खालच्या टप्प्यावर येते. वर्गात गेलेल्या वर्षांचंही तसंच आहे.

शिक्षकांनी पदवीच्या आणि अनुभवाच्या दाखल्यासोबत नूतनीकरण झालेली नोंदणी आणि अलीकडे वॉर्डात प्रत्यक्ष काम केल्याचा इन्चार्ज सिस्टरचा दाखला लावायचा. फक्त ‘अध्यापनाचा अनुभव’ असं लिहिलेलं पत्र पुरत नाही. चाचणी दुहेरी असते: आधी स्वतः प्रोसिजर करून दाखवायची, मग दुसऱ्याचं काम बघून चेकलिस्ट भरायची आणि त्याला तोंडी फीडबॅक द्यायचा. परीक्षक हाताखालचा नसावा, तसाच रोजच्या चहाच्या टेबलावरचाही नसावा. अर्जातच तशी हरकत नोंदवता येते, त्या रकान्यात ‘निरंक’ लिहून मोकळे होऊ नका.

स्टेशनवर माणसं कुठे अडकतात? एका अनुभवी बाईंनी हॅन्डरब (हातांचं जंतुनाशक) अगदी व्यवस्थित, पूर्ण 20 ते 30 सेकंद चोळला. मग सवयीनं पडदा ओढला आणि त्याच हातानं कॅन्युलाला (शिरेत बसवलेल्या नळीला) हात घातला. त्यांना कळलंच नाही. विद्यार्थी दुसरीकडे अडकतात: बेड नंबर बघून औषध देतात. ओळख पटवायची ती दोन खुणांनी, नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. बेड नंबर ही ओळख नाही. ही ‘क्रिटिकल स्टेप’, म्हणजे चुकून चालणारच नाही अशी पायरी, धरली असेल आणि ती चुकली, तर बाकी सगळे गुण मिळूनही स्टेशन नापास. सलाइनच्या हिशोबाचंही स्टेशन असतं. 1000 मिली, 8 तास, सेट 20 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीला 20 थेंब. 1000 गुणिले 20, भागिले 480, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. कागदावर हे सगळ्यांना येतं. समोर घड्याळ आणि शेजारी परीक्षक असला की 8 तासांची मिनिटं करायची राहून जातात.

चाचणीचे गुण संशोधनासाठी वापरायचे असतील तर वेगळं संमतिपत्र येतं, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीसह. त्यावर सही करणं ऐच्छिक आहे, नाकारल्यानं निकाल बदलत नाही. ते पत्र तुमच्याच वर्गशिक्षिकेनं पुढे केलं, तर दुसऱ्या कुणाकडून घ्यायला मागा.

निकालासोबत स्टेशनवार चेकलिस्ट मागून घ्या. नुसत्या एकूण गुणांवर फेरतपासणीचा अर्ज लिहिता येत नाही. कोणतं स्टेशन, कोणती पायरी, आणि ती केली होती असं तुम्ही कशावरून म्हणता, हे त्यात यावं लागतं. पुनर्चाचणीच्या अर्जाला मधल्या काळातल्या सरावाच्या नोंदी जोडा. त्या मात्र रोजच्या रोज, ज्या त्या तारखेच्या.