माउंटिंगमधली पोकळी कशासाठी असते?

गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरायला लागलं, गिअर टाकताना खालून ‘धप्प’ आवाज यायला लागला, की मेकॅनिक म्हणतो, ‘माउंटिंग गेलंय.’ म्हणजे इंजिन ज्यावर बॉडीला टेकलेलं असतं, तो रबरी आधार. काढलेलं माउंटिंग हातात घेतलं तर वाटतं, यात आहे तरी काय? धातूचे दोन भाग, मध्ये चिरलेलं रबर आणि पोकळ्या. मग त्या पोकळ्यांत काच चिकटवायचं पॉलियुरेथेन भरायचा किंवा टायरचा तुकडा कोंबायचा मोह होतो. इंजिन हलायचं थांबतं, हे खरं. पण ते थोडं हलावं म्हणूनच तर रबर होतं!

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ हादरे. रबरावर टेकलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला १० धरली, तर हादऱ्याचा जेमतेम सहावा हिस्सा बॉडीपर्यंत पोचतो. पोकळी भरून माउंटिंग चौपट कडक केलं, की ही संख्या २० होते आणि तोच हादरा सव्वापट होऊन आत येतो. म्हणजे खर्च वाचला, थरथर वाढली.

पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. बारीक थरथरीला रबर मऊ लागतं. जोर आला की पोकळी मिटते आणि तेच रबर कडक होतं. जोरही थोडाथोडका नसतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी, गिअरबॉक्सच्याच पोटात असते, म्हणून चाकांवरच्या टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, सगळी प्रतिक्रिया माउंटिंगवर येते. इंजिनाचा १०० न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये १४ पट झाला, तर अर्ध्या मीटरवरच्या माउंटिंगला जवळजवळ २८५ किलो वजनाइतका रेटा सोसावा लागतो. तेलकट, जुन्या रबराला धड न चिकटलेलं पॉलियुरेथेन तिथे किती टिकणार? आरपार बोल्ट मारणं तर त्याहून वाईट, कारण मग रबर असून नसल्यासारखंच. हायड्रॉलिक माउंटिंगमधला द्रव गळला असेल, तर वरून काहीही भरून उपयोग नाही.

शर्यतीच्या गाड्यांत कडक माउंटिंग लावतात, पण तिथे आरामाची पर्वा कुणाला? वाटेत अडलेलं इंजिन गॅरेजपर्यंत न्यायला पट्ट्याने बांधलं, तर ते मी समजू शकतो.

नवं बसवण्याआधी ऑइल कुठून गळतंय का ते पाहा. रबर बहुतेकदा त्यानेच फुगून मऊ पडतं. इंजिनाला खालून जॅकचा नीट आधार द्या. सगळे बोल्ट आधी सैल लावा, इंजिन आपल्या जागी बसू द्या आणि मगच घट्ट आवळा. नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.