आली कापू

आली कापू : इराणमधील इस्फहान येथील सफावी राजघराण्याचा राजवाडा. नक्श-ए-जहान चौकाच्या पश्चिमेला, शेख लुत्फुल्लाह मशिदीच्या समोर तो उभा आहे. उंची सुमारे ४८ मी. व मजले सहा. राजवाडा म्हणून प्रसिद्ध असला, तरी मुळात ही चौकातून शाही बागेकडे नेणारी देवडी होती. शाह अब्बास पहिला याने १५९८ मध्ये राजधानी काझ्वीनहून इस्फहानला आणली आणि पुढील काही दशकांत या देवडीवर मजले चढत गेले. एकाच आराखड्यातून उभी राहिलेली ही इमारत नव्हे. इटालियन वास्तुविशारद एउजेनियो गाल्दिएरी यांनी तिच्या बांधकामाचे पाच टप्पे दाखवून दिले आहेत.

प्रवेशद्वाराच्या उंबरठ्याला विशेष मान होता. त्यावर पाय ठेवण्यास मनाई होती आणि आत शिरून आसरा घेतलेल्या गुन्हेगाराला शाहच्या हुकुमाशिवाय पकडता येत नसे.

चौकाकडील सज्जा (तालार) सुमारे १६४४ मध्ये, शाह अब्बास दुसरा याच्या काळात जोडला गेला. त्याचे सपाट लाकडी छत १८ उंच, सडपातळ लाकडी खांबांवर पेललेले असून मध्यभागी तांब्याच्या पत्र्याने मढवलेला हौद आहे. त्यासाठी पाणी एवढ्या उंचीवर चढवावे लागे. येथून शाह आणि त्याचे पाहुणे चौकातील चौगानचे (पोलोचे) सामने पाहत. गोलपोस्टचे दगडी खांब अजून चौकात उभे आहेत. विजापूरचा असार महाल पाहिलेल्यांना उंच लाकडी खांबांचा, समोरून पूर्ण उघडा असा हा घाट ओळखीचा वाटेल. अशा छताचे दुखणे मात्र ठरलेले असते : वरून पाणी मुरले की तुळया आधी टोकांशी, म्हणजे भिंतीत शिरतात तिथे, कुजतात. खालून रंगवलेल्या तक्तपोशीमुळे ही कूज दिसत नाही. छत झुकल्यावरच ती कळते.

सर्वांत वरच्या मजल्यावरील संगीत दालन ही या वास्तूची खरी कमाई. त्याच्या भिंतींत आणि छतात सुरई, वाडगे, फुलदाण्या यांच्या आकाराची शेकडो भोके कोरलेली आहेत (तोंग-बुरी). हे काम विटांच्या बांधकामात केलेले नाही. जिप्समच्या पातळ तक्त्यांतून आकार कापून काढले आहेत आणि ते तक्ते मूळ भिंतीपासून अंतर राखून, आतल्या बाजूने दुसऱ्या कवचासारखे बसवले आहेत. कवचावर इमारतीचा भार येत नाही, म्हणूनच ते इतके नाजूक ठेवता आले. आवाज भोकांतून मागच्या पोकळीत शिरतो, विखुरतो आणि घुमण्याचे प्रमाण कमी होते. तरीही सगळी रचना केवळ ध्वनीसाठी होती असे मानणे ताणून धरल्यासारखे होईल. अर्दबील येथील शेख सफी दर्ग्याच्या चिनी खान्यातही (चिनी भांड्यांच्या दालनातही) असेच कोनाडे आहेत आणि तिथे चिनी मातीची भांडी मांडलेली असत.

भिंतींवरील नक्षीचा पायाही जिप्समच. साधे जिप्सम काही मिनिटांतच घट्ट होते, त्यामुळे शेवटच्या थरासाठी ते ‘मारून’ घेतात : भरपूर पाण्यात कालवून, त्याचा घट्ट होण्याचा जोर संपेपर्यंत हाताने सतत फिरवत राहतात. फिरवणे मध्येच थांबले की गुठळ्या धरतात. नीट मारलेले जिप्सम लोण्यासारखे पसरते आणि सावकाश सुकते. पण त्याला ताकद नसल्याने थर पातळच द्यावा लागतो, जाड दिला तर तडे जातात. कुश्ता-बुरी या प्रकारात रंगीत थरावर पांढरा थर चढवतात आणि तो ओलसर असतानाच नक्षीपुरता कापून खालचा रंग उघडा करतात. लाये-चीनी या प्रकारात कुंचल्याने थरावर थर देऊन वेलबुट्टी किंचित उठावदार करतात आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवतात.

फुले, पक्षी आणि सडपातळ तरुण-तरुणींची चित्रे सफावी दरबारचा चित्रकार रिझा अब्बासी आणि त्याच्या शिष्यवर्गाच्या शैलीतील आहेत. त्यांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात मुरतो. येथे तो कोरड्या जिप्समवर चिकट द्रव्याने धरलेला आहे. त्यामुळे ओल आली की रंगाचे पापुद्रे सुटतात. पुढे काजार राजघराण्याच्या काळात बरीच चित्रे सफेदीखाली गेली. ती पुन्हा उघडी करताना हीच अडचण पुढे येते : पाण्याने सफेदी मऊ होते, पण तिच्यासोबत रंगही सुटू शकतो, म्हणून थोडाथोडा भाग धारदार हत्याराने कोरडाच सोलावा लागतो.

१९६० च्या दशकापासून इस्मेओ या इटालियन संस्थेने इराणी कारागिरांसह येथे जीर्णोद्धार केला. आली कापू आणि इस्फहानमधीलच चेहेल सुतून व हश्त बेहेश्त हे राजवाडे या तिन्ही वास्तूंवरील कामाला मिळून १९८० मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार देण्यात आला. चौकासह आली कापूचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९७९ मध्ये झाला.