धरणाची मागची बाजू

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात टोकोआ नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर १८६ फुटांवरून पडणारा धबधबा, खाली ओढ्याच्या काठानं पसरलेलं ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं एक कॉलेज आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला, झाडीत, चाळीस एकरांचं केली बार्न्स तळं. हे तळं आज तिथं नाही. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, दीडच्या सुमाराला, त्याचा मातीचा बांध फुटला. पाणी धबधब्यावरून थेट कॉलेजच्या वसाहतीत शिरलं आणि ३९ माणसं मेली.

या बांधाचा जन्म तळ्यासाठी झालेला नव्हता. १८९९ च्या सुमाराला तिथं वीज तयार करायला लाकडी चौकटीत दगड भरून एक आडवण घातली गेली. पुढं कॉलेजच्या संस्थेला जास्त वीज हवी झाली, तेव्हा त्याच दगडांवर मातीचा भराव टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी उंची वाढवली. असं करत करत बांध ४२ फूट उंच आणि ४०० फूट लांब झाला. तपास करणाऱ्यांना पुढं या कामाचे आराखडेच मिळाले नाहीत. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि उरलं ते मौजेचं तळं.

माझ्या मते या गोष्टीत फुटण्याच्या रात्रीइतकंच महत्त्वाचं साल १९५७ आहे. धरणातून वीज किंवा सिंचनाचं पाणी मिळत असतं तोवर कुणाला तरी त्याच्याकडं रोज बघावं लागतं. पाणी कमी आलं की बोंब होते, झडप अडकली की माणूस धावतो. तळं नुसतंच देखणं झालं की सगळ्यांच्या नजरा पाण्याकडं वळतात आणि भरावाची मागची उतरण कुणाचीच राहत नाही. तिथं झुडपं वाढतात, मग झाडं. लोकांना तेही छानच दिसतं.

मातीचं धरण पाझरतंच. अगदी उत्तम बांधलेलंही. तळ्याकडच्या बाजूनं पाणी भरावात शिरतं, मातीच्या कणांमधून वाट काढत हळूहळू खाली उतरतं आणि पायथ्याशी बाहेर पडू बघतं. धरणाचा उभा छेद घेतला तर भरावात एक वाकडी रेघ दिसेल. तिच्या खालची माती भिजलेली, वरची कोरडी. ही रेघ पायथ्याच्या आतच राहिली पाहिजे, मागच्या उतरणीवर उघडी पडता कामा नये. धरण बांधणाऱ्याची निम्मी हुशारी यातच खर्च होते. म्हणून मधोमध चिकण मातीचा गाभा घालतात. दोन्ही अंगांना मुरमासारख्या जाड मालाचं कवच देतात आणि पाण्याला सुखरूप बाहेर पडता यावं म्हणून पायथ्याशी वाळू-खडीचा निचरा करतात.

या वाळू-खडीचं माप डोळ्यांनी ठरवून चालत नाही. खडी फार मोठी घेतली तर मातीचे कण तिच्या फटींतून पाण्याबरोबर निघून जातात, फार बारीक घेतली तर पाणीच तुंबतं. मातीच्या कणांच्या मापावरून गाळणथराच्या कणांचं माप ठरवण्याचे नियम गेल्या शतकात कार्ल टर्झागी या अभियंत्यानं घालून दिले. आजही जगभर त्यांच्याच सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात.

निचरा नसला तर दोन गोष्टी घडू शकतात आणि बऱ्याचदा त्या हातात हात घालून येतात. पहिली घसरण. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात, त्या घर्षणावरच उतरण उभी असते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की तो कणांना एकमेकांपासून सुटं करू लागतो. समुद्रकिनाऱ्यावर ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो आणि त्यात पाणी ओतत गेलं की बसतो, तसंच हे. दुसरी गोष्ट नळी पडण्याची. पाणी जिथं बाहेर पडतं तिथला एखादा कण सुटतो. वाट तेवढीच आखूड होते, त्यामुळं प्रवाहाचा जोर वाढतो आणि मागचा कण सुटतो. अशी नळी पायथ्याकडून तळ्याच्या दिशेनं उलटी कोरत जाते. ती तळ्याला जाऊन भिडली की हातात फार वेळ उरत नाही.

म्हणून अनुभवी माणूस भरावाच्या पायथ्याशी गेला की गळती आहे की नाही यापेक्षा पाण्याचा रंग आधी बघतो. नितळ पाणी येत असेल तर त्याची नोंद ठेवायची. खाच पाडलेल्या पत्र्यावरून ते वाहू द्यायचं आणि खाचेतल्या पाण्याची उंची मोजत राहायची, त्यावरून गळती किती ते कळतं. तळ्याची पातळी तीच असताना गळती वाढली तर काळजीचं. आणि पाणी गढूळ झालं तर धरण आतून निघून चाललंय असं समजायचं, कारण तो गढूळपणा म्हणजे भरावाचीच माती. उन्हाळ्यात सगळी उतरण वाळलेली असताना मध्येच हिरवंगार गवत दिसलं, तर तिथं खाली ओल आहे हेही सांगायला यंत्र लागत नाही.

झाडांचा प्रश्न असा की मुळं जिवंत असताना माती धरतात, हे खरं असलं तरी झाड मेलं की मुळं कुजतात आणि भरावात आयत्या नळ्या तयार होतात. वादळात झाड उन्मळलं तर मोठं ढेकूळ घेऊनच पडतं. म्हणून भरावावर आखूड गवत चालतं, झाड नाही. आत पुरलेल्या पाइपाची गतही तशीच. त्याच्या कडेनं माती नीट दाबता येत नाही, तिथून पाणी वाट काढतं. पाइप गंजून बसला तर वरची माती खचते. पुण्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. १९६१ मध्ये पानशेतच्या भरावाचं खचणं सुरू झालं तेही विमोचकाच्या, म्हणजे भरावाखालून पाणी सोडायच्या वाटेच्या, जागीच.

आता केली बार्न्स. त्याची मागची उतरण जवळजवळ एकास एक होती, म्हणजे ४५ अंशांची. मातीच्या भरावाला एवढा उभा उतार झेपत नाही. सर्वसाधारणपणे दोनास एक, म्हणजे दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट उतार, किंवा त्याहून सपाट ठेवतात. भरावावर झाडं होती. १९७३ च्या एका छायाचित्रात मागच्या उतरणीवर सुमारे १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद असा घसरलेला भाग दिसतो. फुटण्याआधी चार वर्षं बांधानं एवढं ढळढळीत दाखवून ठेवलं होतं! मग २ ते ५ नोव्हेंबर १९७७ या दिवसांत सुमारे सात इंच पाऊस पडला, त्यातला निम्मा शेवटच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत. कोकणातल्या माणसाला हा पाऊस फार वाटणार नाही. आधीच ओल्या आणि उभ्या उतरणीला तो पुरला.

केंद्रीय तपास मंडळानं एकच एक कारण ठामपणे सांगितलं नाही. बहुधा मागची उतरण घसरली, तिला नळी पडण्याची साथ मिळाली, माथ्याला खिंडार पडलं आणि ते कोरत जाऊन सगळा बांध गेला, असा त्यांचा अंदाज. आतला जुना पाइप कोसळल्यानंही भर पडली असावी. तळ्यात तेव्हा सुमारे ७ लाख ७७ हजार घनमीटर पाणी होतं. आपल्याकडच्या हिशेबानं हे किरकोळच. पण खालच्या अंगाला ऐन भरात सेकंदाला सुमारे ६८० घनमीटर पाणी वाहिलं असावं असा अंदाज निघाला. त्या वेगानं सगळं तळं वीस मिनिटांच्या आत रिकामं होतं. खाली झोपलेल्या माणसांना तेवढीही उसंत मिळाली नाही.

जिमी कार्टर तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि ते जॉर्जियाचेच. धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ मध्येच झाला होता, पण पैशाअभावी याद्या करण्यापलीकडं काम गेलं नव्हतं. टोकोआनंतर तीन आठवड्यांनी कार्टर यांनी लष्कराच्या अभियंता दलाला तपासणी सुरू करायला सांगितलं. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं पाहून झाली, त्यातली साधारण एक तृतीयांश असुरक्षित निघाली. ही निवड खाली माणसं किती राहतात ते पाहून केलेली होती. धरण धडधाकट असलं तरी ते फुटल्यावर माणसं मरणार असतील, तर ते तिथं ‘उच्च धोका’ वर्गात येतं. या वर्गाची एक गंमत म्हणजे धरणाला हातही न लावता त्याचा वर्ग बदलतो. खाली चार घरं बांधली की झालं.

आपल्याकडं हा विषय निघाला की तिवरे आठवतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि महाराष्ट्रभर हसं झालं. शास्त्राच्या दृष्टीनं प्राण्यांच्या बिळांनी भराव कमजोर होतो हे खोटं नाही. अमेरिकेत मस्करॅट नावाच्या पाणउंदराची बिळं बुजवणं हा धरणमालकांच्या डोकेदुखीचा नेहमीचा भाग आहे. पण बीळ बाहेरून दिसतं आणि ते बुजवायचं काम माणसाचं असतं. खेकडा काही देखभालीचं बजेट सांभाळत नाही.

२०२१ मध्ये भारतात धरण सुरक्षा कायदा झाला. १५ मीटरहून उंच धरणं त्यात सरसकट येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणं मात्र काही अटींतली एखादी पुरी केली तरच येतात. माथा निदान ५०० मीटर लांब हवा, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, किंवा पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, नाहीतर पायाची विशेष अडचण किंवा वेगळ्या धाटणीची रचना. केली बार्न्सची उंची सुमारे १३ मीटर, लांबी १२० मीटर, साठा पावणेआठ लाख. आत दडलेल्या दगडी आडवणीला ‘वेगळी रचना’ ठरवून कुणी ते ओढूनताणून बसवलं असतं तर गोष्ट वेगळी, एरवी ते या कायद्याबाहेरच राहिलं असतं. दुष्काळी कामांत आणि रोजगार हमीवर उभे राहिलेले आपले कितीतरी पाझर तलाव उंचीनं याहूनही लहान आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी कुणी घर बांधलं तर या अटींमध्ये काहीच बदलत नाही.