लोगॉस (ख्रिस्ती विचारातील)

‘बोलणे’ आणि ‘मोजणे’ हे दोन्ही अर्थ असलेल्या ‘लेगेइन’ या ग्रीक क्रियापदापासून आलेली संज्ञा. शब्द, कथन, हिशेब, गुणोत्तर, कारण, विवेक एवढे अर्थ ती सांभाळते. आद्य ख्रिस्ती विचारात येशूसाठी ती योजली गेली तेव्हा तिच्यात ग्रीक आणि ज्यू असे दोन वारसे एकत्र आले.

इ. स. पू. ५०० च्या सुमारास इफिससच्या हेराक्लायटसने सतत बदलणाऱ्या जगातील सुसूत्रतेला लोगॉस म्हटले. पुढे स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांनी त्याला विश्वभर भिनलेला विवेक मानले. हा विवेक त्यांच्या मते अग्निमय, म्हणजे भौतिकच होता. प्रत्येक माणसात त्याचे बीज असते, असेही ते मानत.

ज्यू परंपरेत हिब्रू ‘दाबार’ या शब्दात वचन आणि घटना दोन्ही येतात. देव बोलतो आणि ते घडते. ‘परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण झाले’ असे बायबलमधील ३३ वे स्तोत्र सांगते. त्यातीलच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात ज्ञान सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथांची ग्रीक भाषांतरे होऊ लागली आणि ‘दाबार’साठी अनेक ठिकाणी ‘लोगॉस’ आला. दोन प्रवाहांची गाठ पडली ती या भाषांतरात.

त्याच शहरातील ज्यू तत्त्वज्ञ फायलोने (सु. इ. स. पू. २० – इ. स. ५०) लोगॉसला देवाचा ‘प्रथमजात’ आणि सृष्टिरचनेचे साधन म्हटले. प्लेटोची आदर्श रूपे, म्हणजे वस्तूंचे शाश्वत नमुने, त्याने देवाच्या विचारात नेऊन ठेवली. त्याचे ग्रंथ टिकले ते मुख्यतः ख्रिस्ती लेखनिकांमुळे.

येशूला लोगॉस म्हणणाऱ्या योहानकृत शुभवर्तमानाची सुरुवात, ‘प्रारंभी शब्द (लोगॉस) होता’, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या शब्दांचीच आठवण देते. ती थेट फायलोवरून घेतली असे सिद्ध करता येत नाही. सामाईक ज्यू वारसा हे स्पष्टीकरण पुरेसे ठरते. मात्र ‘शब्द देही झाला’ (१:१४) हे वाक्य फायलो किंवा स्टोइक, कोणाच्याच चौकटीत बसत नाही. म्हणून योहानाला निव्वळ ग्रीक ठरवणे चूक, तसेच ग्रीक वाचकाच्या कानाला तो शब्द परका होता असे मानणेही चूक.

दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिनने स्टोइकांची ‘बीजरूप लोगॉस’ ही कल्पना उचलली आणि विवेकाने जगलेले सॉक्रेटिस व हेराक्लायटस हेही ख्रिस्तीच, असे लिहिले. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने मात्र अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा ख्रिस्ती श्रद्धेशी, संबंध काय, असा सवाल केला. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखनावरही स्टोइकांची छाप स्पष्ट दिसते.

भाषांतरातील एका क्रियापदाने पुढे मोठा वाद पेटवला. नीतिसूत्रे ८:२२ मधील हिब्रू ‘काना’चा अर्थ ‘मिळवणे’ किंवा ‘निर्माण करणे’ असा होतो. प्रचलित ग्रीक भाषांतरात ज्ञानाच्या तोंडी ‘परमेश्वराने मला निर्माण केले’ असे आले. ख्रिस्ती वाचक हे ज्ञान म्हणजेच लोगॉस मानत, त्यामुळे लोगॉस हा निर्मित आहे असे म्हणणाऱ्या एरियसपंथीयांना आधार मिळाला. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील बिशपांच्या परिषदेने पुत्र (ख्रिस्त) पित्याशी (देवाशी) ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा, असे ठरवले. हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. नंतर जेरोमने हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करताना त्या ओळीत ‘निर्माण केले’ऐवजी ‘जवळ बाळगले’ या अर्थाचे क्रियापद घातले.

मराठी बायबलमध्ये ‘प्रारंभी शब्द होता’ असे आहे. त्यातून ‘दाबार’ची बाजू बऱ्यापैकी पोचते, हिशेब आणि विवेकाची निसटते. ‘शब्दब्रह्म’ मनात येणे स्वाभाविक आहे, पण योहानाचा शब्द पुढच्या तेराच ओळींत माणूस होऊन लोकांत राहायला येतो.