रीलमधली थार कोणाच्या पैशाची?

आपल्याकडं पोराच्या मोबाईलमध्ये जुगार शोधायचा म्हणजे आईबाप पत्ते शोधतात. तीन पत्ती, रमी, नाहीतर मटक्याचा आकडा, आणि ते काही सापडलं नाही की मोबाईल परत देऊन टाकतात. पण आत्ताच्या रीलमध्ये पत्ते नसतातच हो. असतं काय तर विशीतला एक पोरगा, काळी थार, मागं जोरात गाणं, आईच्या हातात पाचशेच्या नोटांची गड्डी आणि आई रडतीय, वर लिहिलेलं 'कालपर्यंत लोक हसत होते', आणि मधेच कुठंतरी दोन-तीन सेकंद फोनचा स्क्रीन ज्यात पैसे लावायच्या गेममधला एक आकडा झपाझप वर चढतोय. धंदा त्या दोन-तीन सेकंदांचा आहे, बाकीचं सगळं तेवढं बघून घ्यावं म्हणून.

त्यामुळं 'हा व्हिडिओ वाईट आहे का' असं विचारून काही हाती लागत नाही. शिवी नाही, मारामारी नाही, उलट आईबद्दल प्रेमच दाखवलंय. विचारायचं ते हे की या पोराला पैसे देतंय कोण. बऱ्याचदा उत्तर बायोमधल्या लिंकमध्ये नाहीतर टेलिग्रामच्या चॅनलमध्ये असतंय. त्याच्या कोडवरून जेवढी पोरं खातं उघडतील तेवढं कमिशन, आणि काही ठिकाणी तर करारच असा की ती पोरं जेवढं हरतील त्यातला अमुक टक्का ह्याला. म्हणजे गाडी खरी असली तरी ती गेम जिंकून आलेली नसते, बघणाऱ्यांच्या हरण्यातून आलेली असते. सोलापूरच्या गड्डा जत्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर त्या स्टॉलवाल्याचाच माणूस गर्दीत उभा राहून मोठं बक्षीस जिंकावा आणि ते बघून आपण खिशात हात घालावा, तसलाच प्रकार, फक्त इथं गर्दी लाखातली आणि ती जत्रेच्या होम मैदानावर मावत नाही.

आता पोरगं एवढं हुशार असून फसतं कसं, तर यात हुशारीचा संबंध कमी आणि मेंदूच्या रचनेचा जास्त आहे. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात डीन मॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला होता. लोकांना एका गेम शोमधले स्पर्धक दाखवले आणि बघताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. आवडलेला स्पर्धक जिंकला की बघणाऱ्याच्या मेंदूतला बक्षिसाचा भाग जागा व्हायचा, जो आपण स्वतः जिंकल्यावर होतो तोच, आणि तो स्पर्धक जितका 'आपल्यासारखा' वाटायचा तितका हा परिणाम ठळक. म्हणून मुंबईच्या हिरोची जाहिरात बघून पोरगं फार हलत नाही, पण 'काय बे भावा, आज किती छापले बघ' असं आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्या सात रस्ता चौकात भेटेल असा दिसणारा पोरगा जिंकला की ह्याच्या डोक्यात जवळजवळ हाच जिंकल्यासारखं होतंय. खिशातून एक रुपया गेलेला नसताना.

दुसरी गोष्ट डोपामिनची. हे आनंदाचं केमिकल असं सगळीकडं सांगतात ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा अंदाजातल्या फरकाला जास्त उत्तर देतात, म्हणजे अपेक्षा नसताना मिळालं तर उसळी आणि ठरल्याप्रमाणे मिळालं तर जवळजवळ शांतता. २००३ च्या त्यांच्या प्रयोगात तर असं दिसलं की बक्षीस मिळायची शक्यता बरोबर ५० टक्के असताना, म्हणजे मिळेल की नाही हे अजिबात सांगता येत नसताना, वाट बघण्याच्या काळात या पेशी सगळ्यात जास्त चालू राहतात. विमानाच्या गेममध्ये विमान वर चढतं तसे लावलेले पैसे दुप्पट-चौपट होत जातात, ते उडून जायच्या आत काढले तर आपले, नाहीतर गेले. विमान वर चाललंय, आकडा वाढतोय, कधी उडून जाईल माहीत नाही, ह्या सगळ्या गेमचं डिझाईन याच एका जागेवर बोट ठेवून केलेलं आहे.

त्यात हुकलेला डाव. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटानं २००९ मध्येच दाखवलं की थोडक्यात हुकलं की माणसाला वाईट वाटतं पण खेळायची इच्छा वाढते, आणि मेंदूत जिंकल्यावर जे भाग पेटतात त्यातलेच काही इथंही पेटतात. 'दोनवर काढले रे, आठपर्यंत गेलं असतं' असं पोरगं स्वतःशीच पुटपुटताना ऐकलंत तर ते हेच.

गणित तर अजून सरळ आहे. विमानाच्या एका गाजलेल्या गेमचा जाहीर केलेला आकडा असा की लावलेल्या पैशातले सरासरी ९७ टक्के परत जातात. ऐकायला चांगलं वाटतं, ३ टक्केच तर जातायत. पण एकदा खेळून कोण उठतंय? १०० रुपये घेतले, दरवेळी आहे ते सगळं परत लावत गेलं तर सरासरीनं ५० डावांनंतर २२ रुपये राहतात आणि १०० डावांनंतर ५ रुपयेसुद्धा नाहीत. एक डाव काही सेकंदांचा, म्हणजे हे सगळं तासाभरात. आणि हा हिशेब नियमानं चालणाऱ्या गेमचा. टेलिग्रामवरून आलेल्या एपीके फाईलमधलं, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपमधलं, विमान कुठं गायब करायचं हे ती फाईल बनवणारा त्याला पाहिजे तसं ठरवू शकतो.

टेलिग्रामवरून आठवलं, 'सर १० पैकी १० प्रेडिक्शन बरोबर देतात' हे पोरं शपथेवर सांगतात. खोटं बोलत नसतात बिचारी. समजा एकानं १०२४ जणांना मेसेज टाकला, निम्म्यांना सांगितलं पुढच्या डावात लाल रंग येणार, निम्म्यांना हिरवा. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून दिलं, उरलेल्या ५१२ जणांना परत निम्मं निम्मं. असं करत दहाव्या फेरीनंतर एक जण उरतो ज्याला दहाच्या दहा वेळा बरोबर उत्तर मिळालेलं आहे, आणि सांगणाऱ्याला काहीएक कळत नाही. तो एक जण पुढं सगळ्या कॉलेजला सांगत फिरतो.

उरलेले १०२३ कुठं दिसतायत? कुठंच नाहीत. हरलेला माणूस रील बनवत नाही. ट्व्हर्स्की आणि कानेमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच मांडलं होतं की एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज माणूस तिची उदाहरणं किती पटकन आठवतात त्यावरून लावतो. पोरानं जिंकणारे दोनशे बघितले आणि हरणारा एकही नाही, तर त्याला जिंकणं सोपं वाटणारच. शेअर बाजाराच्या फ्युचर-ऑप्शनवाल्या, म्हणजे शेअरचा भाव पुढं कुठं जाईल यावर सौदे करणाऱ्या रीलचं पण असंच आहे. बाजार म्हणजे जुगार असं मी म्हणत नाही, पण ते व्हिडिओ याच साच्यातले असतात आणि तिथं निदान खरा आकडा उपलब्ध आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १ कोटीपेक्षा जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी २ लाख. एक लाखापेक्षा जास्त नफा फक्त १ टक्का लोकांना. पोराच्या फीडमध्ये तो १ टक्काच गॉगल घालून बसलेला असतो.

लाईकचं तर वेगळंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या ३२ पोरांना फोटो दाखवले, त्यातले काही सिगरेट-दारूचे, आणि लाईकचे आकडे संशोधकांनी स्वतःच टाकलेले. तोच फोटो, पण जास्त लाईक दिसले की पोरं जास्त लाईक करायची, फोटो कशाचा का असेना. आणि धोक्याचे फोटो बघताना मेंदूतला 'थांब जरा' म्हणणारा भाग थोडा मंद व्हायचा. तो भाग तसाही पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. तेव्हा तुला अक्कल नाही का बे, असं ओरडण्यात अर्थ नाही, अक्कल आहे, ब्रेक अजून लागायचाय.

मग बघायचं कसं, तर पोराच्या शेजारी बसून, आवाज बंद करून. गाणं गेलं की निम्मी जादू तिथंच जाते, करून बघा. मग तो स्क्रीनचा आकडा येतो तिथं पॉज करा. वेबसाईटवर दिसणारा बॅलन्स आपल्या स्क्रीनपुरता बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, बऱ्याच पोरांना ते येतंसुद्धा, त्यालाच करून दाखवायला सांगा, लई खूश होऊन दाखवतंय. वर रील बनवणाऱ्या काही जणांना गेमची कंपनीच खेळायला पैसे भरून देते, त्यामुळं पन्नास हजार गेले तरी ते हसतच असतात. पोरगं म्हणेल, 'पप्पा, फेक नाहीये, त्याची खरी गाडीये.' वाद घालू नका. असू दे की खरी, हप्ता कोण भरतंय ते शोध म्हणावं, लिंक कुठं जाते बघ, हरल्याचा एक तरी व्हिडिओ आहे का बघ, कमेंटमध्ये पैसे अडकल्याचं कोणी लिहिलं तर ती कमेंट दुसऱ्या दिवशी राहते का बघ. पोरं याबाबतीत आपल्यापेक्षा चांगले डिटेक्टिव्ह असतात. हां, आणि ती रील रागारागात चार वेळा त्याच फोनवर लावू नका, अल्गोरिदमला राग कळत नाही, त्याला फक्त तुम्ही थांबलात हे कळतं. बघून झालं की 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं.

कायदा काय म्हणतो तेही पोराला माहीत असू दे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तर आता बरेच जण लिंक उघड टाकत नाहीत, 'कमेंटमध्ये भावा लिहा, मेसेज करतो' असं चालतंय. असं दिसलं की समजायचं. पण त्याच कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मुद्दाम सांगा, कारण कितीतरी पोरं पैसे गेल्यावर पोलिसांच्या भीतीनं घरात तोंड उघडत नाहीत आणि गेलेले काढायला अजून लावत बसतात. गेलेल्याच्या मागं पळणं हे या व्यसनाचं ठळक लक्षण आहे, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रगच्याच गटात टाकलंय. गोष्ट हाताबाहेर चालली वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑनलाईन फसवणुकीत पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, आणि जितक्या लवकर फोन तितकी ते पैसे अडवायची शक्यता जास्त.

एक मात्र नीट तपासा. पोराचं बँक खातं. जिंकण्याच्या रीलनंतर पुढचा मेसेज बऱ्याचदा असा येतो की खेळू नको भावा, नुसतं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो. त्या खात्यातून दुसऱ्याच कुणाचे पैसे फिरतात, आणि तपास लागला की फ्रीज होतं ते खातं आणि चौकशीला बोलावतात ते ज्याच्या नावावर आहे त्याला, थारवाल्याला नाही.